रिकामा मिक्सर

—नको, खुर्ची नको, बाकावरच बरी आहे माझी कंबर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, पेशंट एकटीच आत, सोबतचं माणूस बाहेर, म्हणून बसले. सासू आहे मी तिची. हो, सूनच ती. भांडतो इतक्या की लोकांना मायलेकी वाटतो. तुम्ही लिहा सिस्टर तुमचं, माझ्याकडे लक्ष देऊ नका. मला मोठ्यानं बोलायची सवय आहे—अठ्ठावीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री केली, त्या मशिनींच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडूनच, तो सूर घशात बसला तो बसलाच.

काय लिहिलंय त्यात? झोप नाही, डोकं दुखतं, पाठ दुखते—बरोबर. सहाव्यांदा आलोय आम्ही या दवाखान्यात. आधीच्या पाची वेळा आत तिच्याबरोबर मी असायचे, नाहीतर आमचे चिरंजीव. डॉक्टर विचारायचे तिला आणि उत्तरं द्यायचो आम्ही. नीट जेवत नाही हो. फार विचार करते हो. एकदा हाताला प्लास्टर घातलं तेव्हा मी सांगितलं, जिन्यावरून पडली. जिन्यावरून—सिस्टर, आम्ही तळमजल्यावर राहतो. पत्ता तुमच्याच कागदावर होता, कुणी वाचला नाही. डोक्याला एक गोळी, पाठीला एक, झोपेला एक, की निघालो घरी.

तर मारायचा तो तिला. बोलले बघा. आणि बाहेर विचाराल तर देवमाणूस, चष्म्याच्या दुकानात असतो, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचा हात धरून पायरी उतरवतो. दारू? थेंबही नाही. दारू असती तर बरं झालं असतं, सगळं दारूवर ढकलता आलं असतं. संध्याकाळी घरी यायचा, काहीतरी खुसपट काढायचा, खोलीचं दार लावायचा. आणि मी काय करायचे? मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायचे. रिकामा. घरघर घरघर, आतला आवाज थांबेपर्यंत. शेजारीण एकदा म्हणाली, रोज एवढं काय वाटता हो? मी म्हटलं, आमचे दात अधू आहेत—दोन दिवस मलाच हसू येत होतं त्या उत्तराचं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून लावते, असं मनाशी म्हणायचे. पण शेजाऱ्यांचं काय, ऐकायचं मलाच नव्हतं. हे कुणापाशी बोलले नाही मी आजवर, तुम्हीही लिहू नका. लिहिलंत? बरं, असू दे आता.

मग महिन्यापूर्वी एका सुट्टीच्या दुपारी दार लागलं, मी मिक्सरचं बटण दाबलं, आणि वीज गेलेली. घर एकदम चिडीचूप. तेव्हा ऐकलं मी. आरडाओरडा नाही, रडणं नाही—ती त्याला समजावत होती, अगदी हळू. ‘हळू बोला. बाहेर आई आहेत, त्यांना त्रास होईल.’

म्हणजे बघा, मी माझ्या परीनं झाकतेय, ती तिच्या परीनं झाकतेय, आणि आम्हा दोघींच्या पांघरुणाखाली ह्याचं छान चाललंय. गेले आणि दार बडवलं. उघडलं त्यानं. म्हणाला, आई, तू आमच्यात पडू नकोस. मी म्हटलं, ‘पडत नाही. तू कपाट उघड, तुझे कपडे भरायचेत. घर माझ्या नावावर आहे.’ त्याला गंमतच वाटली आधी. अकरा शर्ट होते, आणि हाताची सवय मेली कुठे जाते—रागानं फणफणतेय आणि एकीकडे कॉलर बसवून घड्या घालतेय. ते लक्षात आलं तेव्हा शेवटचे दोन मुद्दाम चोळामोळा करून कोंबले.

गेला बहिणीकडे. लेकीचा माझ्या फोन, आई, तुझं डोकं फिरलंय का, भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत? नवव्या दिवशी पुन्हा फोन—आई, याला अजून किती दिवस ठेवायचं गं? चहा गार झाला म्हणून कप आपटला होता त्यानं तिच्या ओट्यावर. मी म्हटलं, तुझा भाऊ आहे, मला काय विचारतेस. आता दुकानामागच्या खोलीत राहतो. रविवारी येतो फाटकापाशी, रडतो. मी कडी लावून आतूनच बोलते. उपचार घे म्हणते, माणसांत राहायला शीक म्हणते. पोटचं पोर आहे सिस्टर, वाळलाय हो तो. तो गेला की मी नळ सोडून भांडी घासत बसते, घासलेलीच. पण कडी काढली नाही अजून.

आणि सूनबाई? पहिल्या रविवारी दहा वाजेपर्यंत झोपली, मी तीनदा नाकाशी बोट धरून आले. न्हाणीघरात गाते आता, इतकी बेसूर की मांजर उठून गेलं. पण फाटक करकरलं की होती तिथे थिजते. दूध ऊतू जातं, ही बघत उभी. काल केस विंचरताना म्हणाली, आई, सकाळ झाली की नकोसं वाटतं. तेव्हा मात्र मी घाबरले, म्हटलं चल, उद्याच जायचं. वाटेत बजावलं तिला, सगळं सांग, माझंही सांग. अर्धा तास झाला ना आत जाऊन? सांगत असेल. सांगू दे.

कुठे शिकला म्हणजे? मार खाणाऱ्या आईचं पोर ते, आणखी कुठे—नाही, म्हणजे, त्याचे वडील जाऊन बारा वर्षं झाली, त्यांचं कशाला आता. माणूस तसा चांगला—तुम्ही मला का विचारताय, तो कागद तिचा आहे.

आली बाई. डोळे सुजलेत, पण म्हणते काय, तर भूक लागली. पंधरा दिवसांनी औषधाला आणि पुन्हा बोलायला बोलावलंय? येऊ की. चल, माझी पिशवी घे. काय हो सिस्टर? नवा कागद कुणाचा? वय एकसष्ट, पण मी पेशंट नाही, मला काहीसुद्धा—

बरं.

तू बस गं बाकावर. नाही, तू बाहेरच थांबायचं, इथे नियम आहे तसा. सिस्टर, तेवढं दार ओढून घ्या.