वाणीत शून्य

...बरं, भांडताही येत नाही हो त्या माणसाशी, कारण तो माणूसच नाही, टीव्हीवरच्या गेममधला द्वारपाल आहे, पुलाच्या तोंडाशी भाला धरून उभा, आणि मी अर्धा तास त्याला समजावतोय आणि तो दर वेळी खर्जात तेच, 'पथिका, तुझ्या शब्दांत वजन नाही.' माझ्या शब्दांत! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी फर्निचरच्या दुकानात विक्रीला उभा आहे, एक जोडपं नुसतं पत्ता विचारायला आत आलं होतं, त्यांना मी तीन माणसांचा सोफा विकलाय, आणि घरी पोचल्यावर त्यांनी मला फोन केला की अहो, तो पत्ता विचारायचा राहिलाच. आणि हा म्हणतो वजन नाही. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल या वयात हा माणूस गेम का खेळतोय. मी कुठे खेळतोय, मला बसवलंय. माझ्या मुलीने. एकुलती एक. तिला नोकरी लागली, चांगली लागली, पण दुसऱ्या शहरात, इथून बसने नऊ तास. मी म्हटलं, नाही. का म्हटलं? तुमच्यापासून काय लपवायचं, घर खायला उठेल म्हणून म्हटलं. पण तोंडाने ते म्हणतोय कोण, तोंडाने म्हटलं, 'इथं काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय का?' आणि मग एक वाक्य जास्तीचं गेलं. 'जायचं तर जा, पण मग मला विचारायला येऊ नकोस.' झालं. तीन आठवडे घरात शुकशुकाट. जेवायला समोरासमोर बसतो आम्ही, हातभर अंतर, आणि ती म्हणणार, 'आई, बाबांना सांग मीठ इकडे सरकवा.' आणि मी म्हणणार, 'तिला सांग, मीठ तिच्याच डाव्या हाताला आहे.' शेवटी आमची ही वैतागली. 'अहो, मी काय पोस्टमन आहे का? एक तर तिला पटवा, नाहीतर तुम्ही पटा.'

तर शनिवारी संध्याकाळी मुलगी आपणहून समोर आली. म्हणाली, 'बाबा, तुम्ही म्हणता ना, तुम्ही कुणालाही पटवू शकता? मग माझ्या गेममधल्या द्वारपालाला पटवा. तलवार नाही, धमकी नाही, फक्त बोलून पूल ओलांडायचा. उद्या संध्याकाळी सहापर्यंत पलीकडे गेलात, तर मी नोकरीला 'नाही' म्हणून कळवते. नाही गेलात, तर मला हसत सोडायला यायचं.' मला मनातून इतका आनंद झाला म्हणून सांगू, म्हटलं, पोरगी जाळ्यात आली. बोलायची पैज, माझ्याशी?

आता सुरुवातीला काय, तर आपला माणूस बनवायचा. वीस पॉइंट देतात, ते वाटायचे. शक्तीवर किती, चपळाईवर किती, तब्येतीवर किती, वाणीवर किती. मी दहा शक्तीवर टाकले, दहा तब्येतीवर, कारण माझे गुडघे तुम्हाला माहीत नाहीत. मुलगी म्हणाली, 'बाबा, वाणीवर टाका थोडे.' मी म्हटलं, 'वाणी कशाला? ती घरचीच आहे.' आपली पोळी असताना कोणी विकत घेतं का? तर वाणीत शून्य. आणि गेलो ना तरातरा द्वारपालाकडे, टीव्हीकडे तोंड करून म्हटलं, 'या साहेब, नमस्कार, कसं काय, घरचे बरे?' तो ढिम्म. ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. मुलगी म्हणे, 'बाबा, तुम्ही नाही बोलायचं. तुमचा माणूस बोलणार.' म्हणजे खाली चार वाक्यं लिहून येतात, त्यातलं एक निवडायचं, आणि प्रत्येकासमोर टक्के. गोड बोला, चार टक्के. युक्तिवाद करा, तीन टक्के. लाच द्या, पाच टक्के. धमकी द्या, नव्वद टक्के. निवडलं की एक फासा गडगडत येतो आणि तो ठरवणार समोरचा पटला की नाही. मी म्हटलं, अगं, पटणं हे काय फाशावर असतं? सोफा विकताना मी काय फासे टाकतो? ती म्हणाली, 'मग मागे तो गृहस्थ सोफ्यावर दोन तास बसून उठून गेला, त्याचं काय झालं?' आता हिला दुकानातल्या गोष्टी मी सांगतो तेच चुकतं.

तर रविवारी सकाळी तिलाच दया आली. म्हणाली, गावात एक व्यापारी आहे, त्याच्याकडे एक माळ मिळते, ती गळ्यात घातली की वाणी वाढते. माळ दीडशे नाण्यांची. माझ्याकडे काय होतं, तर साठ नाणी आणि एक कुऱ्हाड, त्याच व्यापाऱ्याकडून तासापूर्वी नव्वद नाण्यांना घेतलेली, करकरीत, एक घाव घातला असेल तर शपथ. विकायला गेलो तर म्हणतो, 'हिचे बारा देईन.' अहो, बारा? मी म्हटलं, ही तुझीच आहे रे बाबा, तुझ्याच भिंतीवर होती, तो तिचा खिळा अजून रिकामा आहे. 'हिचे बारा देईन.' का? तर म्हणे माझी वाणी शून्य आहे म्हणून भाव पडला. कुऱ्हाडीची धार माझ्या बोलण्यावर अवलंबून असते, हे मला एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी रामबाण काढला. तुम्हाला माहीत आहे, भाव जमला नाही की गिऱ्हाईक काय करतं? उठून चालायला लागतं. आणि ते दाराबाहेर पडायच्या आत दुकानदाराने हाक मारायची असते, 'अहो, थांबा, या इकडे, तुमचं नाही माझं नाही.' हा धंद्याचा पहिला नियम आहे. उठून जाणाऱ्याला हाक मारायची. तर मी वळलो आणि चालायला लागलो. हळूहळू. कान मागे. दुकानाबाहेर आलो, हाक नाही. म्हटलं, मुरलेला दिसतो, ताणतोय. विहिरीपर्यंत गेलो. हाक नाही. वेशीपर्यंत गेलो. वेशीबाहेर एक लांडगा आला, त्याने मला अर्धा खाल्ला, तरी मी मागे बघतोय, हाक कशी मारत नाही हा? मुलगी सोफ्यावर आडवी पडून हसत होती. तीन आठवड्यांनी हसली हो. मला कळेना, मी हरतोय याचं वाईट वाटून घेऊ की ती हसतेय याचा आनंद मानू. आता यात माझं काय चुकलं?

वाजले साडेपाच. ना माळ, ना वाणी, पुन्हा पुलावर. गोड बोललो, फासा पडला, 'तुझ्या शब्दांत वजन नाही.' फसलं की गेम पुन्हा पुलापासून उघडता येतो, मागचं वाक्य बोललोच नाही असं धरून. सतरा वेळा उघडला. सतरा वेळा तेच. आणि नजर सारखी त्या धमकीवर, नव्वद टक्के, एक बटण दाबलं की काम होतंय. आणि तेव्हा मला ते आठवलं, 'मला विचारायला येऊ नकोस.' म्हणजे घरी मी तेच दाबलं होतं की. फरक एवढाच, तिथे पुन्हा उघडायची सोय नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

घामाने तो कंट्रोलर की काय तो हातातून निसटला, बोट कुठेतरी लागलं आणि यादी वर सरकली. खाली पाचवं वाक्य होतं. काल संध्याकाळपासून तिथेच होतं, मी खाली गेलोच नव्हतो. 'त्याला काय हवंय ते विचारा.' समोर टक्केच नाहीत. आता बघा, आमच्या दुकानात मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, की गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायचं नसतं, त्याला काय हवंय ते आपण सांगायचं असतं. तेव्हा हे वाक्य मी आयुष्यात वापरलेलं नाही. पण वाजले होते पावणेसहा. दाबलं. फासा आलाच नाही. द्वारपालाने भाला खाली टेकला आणि म्हणाला, 'अकरा वर्षं मी हा पूल राखतोय. जो येतो तो मला पटवतो. पलीकडे काय आहे, ते मी कधी पाहिलं नाही. माझ्या जागी थोडा वेळ उभा राहशील?' मी हो दाबलं. त्याने भाला माझ्या हातात दिला आणि निघाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आणि मी पुलाच्या तोंडाशी, भाला धरून. पूल मोकळा, समोर कोणी नाही. मी विचारलं, 'आता मी जाऊ शकतो का पलीकडे?' मुलगी म्हणाली, 'जाऊ शकता. दहा पावलं आहेत.' आता ती हसत नव्हती. 'पण तुम्ही त्याला उभा राहतो म्हणालात.' सहाला पाच कमी. दहा पावलं टाकली की पैज माझी, पोरगी घरात. आणि मला काही सुधरेना. मी जिंकलो होतो की हरलो होतो? मला अजूनही कळलेलं नाही, तुम्हाला कळलं असेल तर सांगा. सहा वाजले तरी मी भाला धरूनच होतो. मग तिच्याकडे वळलो आणि म्हटलं, 'तुला काय हवंय गं?'

ती म्हणाली, 'मला जायचंय, बाबा. आणि तुम्ही रागावलेले नकोत.' आणि मग बोलत सुटली, नोकरी काय, खोली कुणाबरोबर, तिला भीती कशाची वाटते, सगळं. तासभर. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. गिऱ्हाइकाला एवढं बोलू दिलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं. मी एवढंच म्हटलं, 'ते विचारायला येऊ नकोस म्हणालो होतो ना, ते चुकलं माझं.'

परवा गेली ती. हसत सोडायला यायचं ठरलं होतं, म्हणून हसलो. बसपाशी बॅग दिली, ती चालायला लागली. हळूहळू. आणि तुम्हाला सांगतो, घशापर्यंत आलं होतं, 'अगं, थांब, ये इकडे.' धंद्याचा पहिला नियम. नाही मारली हाक. मारली असती तर कदाचित थांबलीही असती, म्हणूनच नाही मारली.

तर तीच वळली. आली परत, माझ्यासमोर उभी राहिली, हात पुढे केला आणि म्हणाली, 'बाबा, चार्जर.' मी म्हटलं, कुठला चार्जर? 'माझ्या फोनचा. सकाळी टेबलावरून उचलून तुम्ही खिशात घातलात तो.' आता एकतीस वर्षांची सवय आहे हो, एखादी गोष्ट हातची राखून ठेवायची. काढून दिला मुकाट्याने. आता यात माझं काय चुकलं ते सांगू नका, मला माहीत आहे.