शिट्टी बंद करण्याआधी

माननीय अध्यक्ष भय्यासाहेब, आजचे प्रमुख पाहुणे आणि माझा जुना विद्यार्थी डॉक्टर शैलेंद्र, मुख्याध्यापिका मंगलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, पालक आणि माझ्या मुलामुलींनो,

आधी एक आठवण सांगते. ती खरं तर एकट्या मंगलाताईंसाठी आहे. मंगला, कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेरचा बर्फाचा गोळा आठवतो? मी, तुझी थोरली बहीण अनसूया आणि तू. गोळा एक, तोंडं तीन. अनसूया आधी सगळा लाल रंग ओढून घ्यायची आणि पांढराफटक बर्फ पुढे करून म्हणायची, "लो, अब तुम लोग खाओ!" तू रडायचीस. घंटा झाली की मी आणि अनसूया एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून, सिस्टरना दिसू नयेत म्हणून लाल जिभा आत ओढून.

त्या हिवाळ्यात अनसूया खोकायला लागली. शाळा बुडवायची नाही म्हणून येतच राहिली. मग येईनाशी झाली. क्षय फार पुढे गेला होता. वार्षिक परीक्षेला त्या बाकावर मी एकटी होते.

निरोपाच्या दिवशी हे कशाला, असं भय्यासाहेब मनात म्हणत असतील. क्षमा करा. पण आत्ताच शैलेंद्र या माइकवरून म्हणाला की आमच्या मॅडम कशालाच घाबरत नाहीत. बेटा, तेवढं एक वाक्य चुकलं.

माझी बोटं तुम्ही सगळे पाहताच आहात. आपल्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्याची बोटं माझ्यापेक्षा सरळ आहेत. फळ्यावर रंगीत खडूंनी हृदय काढणं हा माझा अभिमान होता. गेली दोन वर्षं ते दहावीच्या मुली काढतात आणि मी नुसती "डावी झडप, डावी झडप" म्हणत मागे उभी राहते. आजच्या साडीची पिनसुद्धा यांनी, म्हणजे आमच्या सुहासरावांनी लावली आहे. जरा तिरकी आहे, पण लावली.

हा आमवात. आणि त्याच्या मागे एक इवलंसं रसायन आहे, टीएनएफ नावाचं. शेवटचा तास समजा आणि ऐका. पर्वणीला राम घाटावर स्वयंसेवक शिट्टी वाजवतात ना? कोणी खोल पाण्याकडे गेलं की शिट्टी, आणि चारी बाजूंनी माणसं धावतात. आपल्या पेशी संकटात टीएनएफ सोडतात, ती ही शिट्टी. तिच्यावाचून आपण जगणार नाही. माझ्या सांध्यांत मात्र गर्दी पांगली, घाट रिकामा झाला, तरी शिट्टी वाजतेच आहे. धावून आलेल्यांना कोणी सापडत नाही, म्हणून ते घाटाच्याच पायऱ्या उखडू लागले आहेत.

यावर इंजेक्शन आहे. शिट्टीच बंद करतं. नानाखेड्याच्या दवाखान्यात शैलेंद्रने मला हे समजावलं तेव्हा मी मोठ्या आनंदात म्हटलं, "मग दे की टोचून!" तो म्हणाला, "मॅडम, पहले जांच." रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. आणि त्यात जुन्या क्षयाची खूण निघाली.

तो आजार नव्हे. जंतू कधीतरी आत आले, शरीराने त्यांच्याभोवती भिंत बांधली आणि ते आत झोपून राहिले. मी विचारलं, "अनसूयाचे?" तो म्हणाला, "कोणाचे ते आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही." ठाऊक आहे मला. गोळ्याने क्षय होत नाही, हवेतून होतो, हे या शाळेत मीच शिकवलं. पण बाकावर हवा तर एकच होती ना?

आता भीतीचं कारण ऐका. ती भिंत कोण राखतं? तीच शिट्टी. जी माझी बोटं मोडते आहे, तिनेच इतकी वर्षं माझी छाती सांभाळली. ती बंद केली आणि आतलं जागं झालं तर? शैलेंद्र म्हणतो, प्रतिबंधाच्या गोळ्या घेतल्यात, धोका पुष्कळ कमी झाला. मी विचारलं, "शून्य?" तो खोटं बोलला नाही. "शून्य नहीं, मॅडम. पण बोटांची झीज मात्र नक्की आहे, आणि ती परत भरून येत नाही."

अनसूयाचा खोकला मी ऐकलेला आहे. म्हणून घाबरते.

इंजेक्शन आणून बरेच दिवस झाले. घरी दही काढायला फ्रिज उघडला की ते समोर दिसायचं. मग लाइट जाते, शाळेत इन्व्हर्टर आहे, असं सांगून मी ते प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं. अहो, असं बघू नका. शैलेंद्र, तूही नको. माझ्या जागी येणारी अश्लेषा रोज विचारते, "मॅडम, आज?" मी म्हणते, "आज पेपर आहेत." काल ती म्हणाली, "मॅडम, आता तर पेपरही संपले."

आज फ्रिज रिकामा करायचा आहे. कपाटही.

भय्यासाहेब, शाल फार मऊ आहे. आपण आणि या संस्थेने मला जे दिलं, त्याचे आभार मला मोजून मानता यायचे नाहीत. शिकवताना कधी आवाज चढला असेल, आज बोलताना काही अधिक-उणं झालं असेल, तर आपलंच माणूस म्हणून पोटात घाला. आता सामानाचं सांगते आणि बसते.

रंगीत खडूंचा डबा दहावीच्या मुलींना. भांडू नका, लाल खडू दोन आहेत. माझा पांढरा कोट अश्लेषाला, खिसे उसवलेत, शिवून घे. चिमटे आणि सुया ठेवते ती जुनी कंपासपेटी मंगलाला. झाकणाच्या आतल्या बाजूला अनसूयाने आपलं नाव कोरलंय, उन्हात धरलं की दिसतं. माझ्या खोकल्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सुहासरावांना: खोकला, संध्याकाळचा ताप, काहीही जाणवलं की माझं न ऐकता शैलेंद्रला फोन करायचा.

आणि फ्रिजच्या वरच्या खणात, यीस्टच्या बाटलीमागे एक छोटं खोकं आहे. अश्लेषा, ते आत्ताच काढून ठेव, गार टोचलं की दुखतं म्हणे. चहा होईपर्यंत बाहेर राहू दे. मग शैलेंद्रच्या हातात दे. मंगला, तू माझ्या शेजारी बस, अगदी खांद्याला खांदा लावून. ते खोकं माझं आहे. ते मला द्यायचं.