पंपातली झडप

गॅरेजच्या बाकावर आपल्या स्कूटरची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकाबाईंच्या कानावर शेजारचे बोलणे पडत होते. एका जुन्या मोटारसायकलीपाशी उभ्या राहून एक आजी मिस्त्रींना फर्मावत होत्या.

“दोष काय तो सरळ सांगा.”

“तेलाच्या पंपातली झडप झिजलीय, आजी. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल इंजिनाच्या तळाशी उतरतं, सुरू केली की परत वर चढतं.”

“ते ठाऊक आहे. म्हणून तर लेक दर रविवारी येऊन किक मारते. यांच्या माघारी तिनंच जपलीय गाडी.”

“आता सुटल्या त्या! नवी झडप बसवली, की दोन महिने हात लावला नाही तरी चालेल.”

“दोन महिने?”

“थेंब उतरणार नाही.”

“मग नका बसवू.”

“अहो, इंजिनाची वाट लागेल!”

“किक मारून झाली की ती जेवायला थांबते. आईसाठी तिला सवड काढावी लागते, गाडीसाठी धावत येते.”

“पण बिघडलेली गाडी परत द्यायची, हे माझ्यानं व्हायचं नाही.”

“मग उत्तम दुरुस्त करा. फक्त तिला सांगू नका.”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

आजी गाडीच्या सीटवरून हात फिरवू लागल्या. बाईंची स्कूटर कधीच तयार झाली होती. त्या उठल्या नव्हत्या.

“बरं,” मिस्त्री म्हणाले. “सांगेन, जुनी गाडी आहे ताई, रविवार चुकवू नका.”