बुटातला खिळा

मुलगी : डोळे मिटा म्हटलंय ना बाबा. एक उघडा आहे तुमचा.

वडील : तो तसाच मिटतो.

डॉक्टर : काका, मी पायाला टोचलं की फक्त 'हं' म्हणायचं.

वडील : हं.

डॉक्टर : अजून टोचलं नाही.

मुलगी : बघा ना डॉक्टर. जगाचे बूट दुरुस्त करतात आणि स्वतःच्या बुटात तीन आठवडे खिळा. मोजा धुवायला घेतला, त्याला रक्त, तेव्हा मला समजलं. पायाला काही कळेनासंच झालंय यांच्या. उद्या हाताचंही असंच झालं तर बोट मशीनखाली जाईल. मी सांगून ठेवलंय, पाय नापास झाला की दुकान बंद आणि हे माझ्या घरी.

डॉक्टर : आता?

वडील : हं. अंगठा.

डॉक्टर : आता?

वडील : करंगळी.

डॉक्टर : आणि आता?

वडील : आता सुई नाही, कापूस आहे. आणि तुमचा हात गार आहे.

डॉक्टर : उघडा डोळे. ताई, पाय पास. नसा ठणठणीत आहेत.

वडील : ऐकलंस?

मुलगी : पाय पास झाला म्हणजे डोकं नापास. कळत होतं तर काढला का नाही?

डॉक्टर : होतं असं. पाय नुसती खबर पाठवतो, किती दुखवून घ्यायचं ते मेंदू ठरवतो. माणूस कामात गुंतला की मेंदू ती खबर बाजूला ठेवतो. तसं झालं का काका?

वडील : नाही. चांगलं ठसठसत होतं.

डॉक्टर : खिळा काढायला वेळ किती लागतो?

वडील : मला? तुमचं वाक्य संपायच्या आत. पक्कड हाताशीच असते.

मुलगी : मग?

वडील : ते औषध लावायचंय ना? आधी ते लावा.

डॉक्टर : झोंबेल. खुशाल शिव्या द्या. शिवी दिली की दुखणं खरंच कमी होतं, लोकांनी प्रयोग करून पाहिलंय.

वडील : मुलगी समोर आहे.

मुलगी : मी दुकानातच वाढले बाबा. हातोडी बोटावर बसली की तुम्ही काय म्हणता ते मला पहिलीपासून पाठ आहे.

वडील : मी काहीच नाही. तुझी आई सुरू झाली की गिऱ्हाईक जोडा न घेता जायचं.

डॉक्टर : झालं लावून.

वडील : कधी?

डॉक्टर : तुम्ही बोलत होतात तेव्हा.

मुलगी : आता सांगा. खिळा.

वडील : तुझी आई गेल्यावर पहिल्यांदा दुकान उघडायला निघालो, त्या दिवशी लागला. पाऊल टाकलं, कळ मस्तकात गेली. आणि रस्ता ओलांडेपर्यंत दुसरं काही दुखलं नाही. संध्याकाळी पक्कड घेतली हातात. म्हटलं, उद्या काढू.

डॉक्टर : एकीकडे जोरात दुखलं की मेंदू दुसरीकडचं दाबून धरतो काका. खरं आहे ते.

वडील : मग तसं लिहून द्या. हिला वाटतं मला वेड लागलंय.

डॉक्टर : लिहून देते. पण गोळीऐवजी खिळा नाही लिहून देता येत.

मुलगी : आणि मी काय करायचं बाबा? माझ्या चपलेत तर काहीच नाही.

(डॉक्टर पट्टी गुंडाळत राहते.)

वडील : तू तर रोज हसत येतेस.

मुलगी : जिन्यात तोंड पुसून येते.

वडील : मी पण तुझा पाय वाजला की लंगडायचं थांबवतो. तुझ्या घरी राहायला आलो तर दोघांना दिवसभर हेच करावं लागेल.

मुलगी : मग काय करू या?

वडील : तू येत जा दुकानात. तासभर.

मुलगी : बसू कुठे? आईच्या स्टुलावर तुम्ही बुटांचा ढीग घातलाय.

वडील : मुद्दाम घातलाय. कुणी बसू नये म्हणून. उद्या उचलतो.

मुलगी : तुमचं उद्या मला कळलं आज. आत्ता जाऊ, आत्ता उचलू.

वडील : बरं. पण खाली वाकायचं तू. माझा पाय दुखतोय.