गालाचा आधार

माझं माहेर शिरूर अनंतपाळ. वडील तिथं सुतारकाम करायचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अन् माझं तोंड म्हणजे अण्णांचंच तोंड, गालाची दोन्ही हाडं वर आलेली आणि त्याच्या खाली गाल आत गेलेले. बाप्या माणसाला ते शोभतंय हो, अण्णांना कुणी कधी काही म्हणलं न्हाई, पण मला सगळ्या जल्मात एकच इचारणं, काय गं, आजारी हायस का. घरात म्हैस व्हती, मी दोन-दोन भाकरी खायची, तरी शाळेतल्या बाई म्हणायच्या, डबा आणलास का न्हाई. बघायला आलेल्या पाहुण्यांतली एक बाई तर माझ्या समोरच आईला म्हणली, पोरगी लई वाळलीय, काही दुखणंबिखणं न्हाई ना. मी कांदेपोह्याची ताटली धरून तशीच उभी.

लग्न होऊन चाकूरला आले. आमचे हे शाळेत क्लार्क हायत, शांत माणूस, त्यांनी माझ्या तोंडाला कधी नाव ठेवलं न्हाई, हे मी आधीच सांगून ठेवते, न्हाईतर लोकं म्हणतेत नवऱ्यानंच ऑपरेशन करायला लावलं असंल. मंग मी एसटीत कंडक्टर लागले. लातूर-नांदेड गाडी, चाकूर, अहमदपूर, लोहा, आणि दिवसभर शेकड्यानं माणसं तिकीट घेता घेता तोंडाकडंच बघतेत. त्यात एखादी म्हातारी म्हणणारच, बाई, लई खंगलीस गं, जरा रजा घे. मायेनं म्हणती बिचारी, पण मला तिथून नांदेड येईस्तोवर दुसरं काही सुचायचं न्हाई, मशीनवर चुकीचं गाव दाबायची.

आता ह्याला सुरुवात कुठून झाली सांगू का तुम्हाला, दिराच्या पोरीच्या लग्नात. फोटोवाल्यानं अल्बममध्ये कॉम्प्युटरवर माझ्या गालाची हाडं बारीक करून टाकली, मी सांगितलंबी न्हवतं. मी तो फोटो बघितला अन् बघतच बसले. मीच व्हते की ती, फक्त आजारी दिसत न्हवते. मोबाईलवर हुडकायला लागले तर कळलं की हाड कापून आत सरकवतेत, बारीक करतेत, तसं ऑपरेशनच असतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणले, कशाला गं, चांगलं तर हाय. मी म्हणलं, तुम्हाला चांगलं, मला न्हाई. दोन वर्षं मी तेच तेच बोलत राहिले, शेवटी हेच म्हणले, चल बाई, इचारून तर येऊ.

हैदराबादला गेलो. डॉक्टर हिंदीत बोलायचे, सरळ माणूस. मी फोटो दाखवला तर म्हणले, ह्या फोटोत हाड न्हाई, मांस न्हाई, कातडं न्हाई, नुसता फोटो हाय. हाड आत गेलं की वरचं कातडं तेवढंच राहतंय, त्याचा आधार कमी होतोय, तुमचं वय सदतीस, विशीतल्यासारखी कातडी ओढून बसत न्हाई, गाल खाली उतरू शकतेत. मी आधार राखूनच करीन, पण खात्री देणार न्हाई. महिनाभर इचार करा म्हणले. मी बाहेर आले तर हे म्हणायले, ऐकलंस का काय म्हणले ते. मी म्हणलं, ते सगळ्यांनाच म्हणत असतेत. महिना झाला, मी सही केली.

घरी सासूबाईला, अण्णांना, पोरीला, सगळ्यांना सांगितलं दाढेचं ऑपरेशन हाय. तोंडाच्या आतून चिरतेत, कानापुढं थोडंसं, हाड कापून आत घेतेत अन् बारके स्क्रू मारतेत. हनुवटीखालून डोक्यावर एक पट्टा बांधून ठेवायचा असतोय, तो मी डॉक्टरांनी सांगितल्यापरीस जास्तच दिवस बांधला. आणि काय सांगू तुम्हाला, सुरुवातीचे दोन-तीन महिने मी हवेतच व्हते. सूज व्हती ना, गाल भरल्यासारखे दिसायचे, डेपोतल्या बाया म्हणायच्या, तब्येत सुधारली हो तुमची. हे ऐकायला मी सदतीस वर्षं थांबले व्हते.

मंग सूज उतरली. सुजेसंगं गालबी उतरले. नाकाच्या दोन्ही अंगांनी रेघा पडल्या, जबड्यापाशी मांस लोंबायलं. आधी म्हातारी म्हणायची खंगलीस, आता कॉलेजची पोरगी उठून जागा देती, मावशी, बसा, दमलात. डॉक्टर म्हणले, वर्षभर दम धरा, कातडी थोडी बसंल, न्हाईच बसली तर वर ओढायचं दुसरं ऑपरेशन असतंय. दम कसा धरू? ड्रायव्हरच्या आरशात बघायची, मोबाईलच्या काळ्या काचेत बघायची, सुट्टे देता देता हात गालाकडं जायचा. उताणी झोपायची, कुशीवर झोपलं तर गाल ओघळंल म्हणून. जेवताना हे बोलायचे अन् मी जिभेनं आतून गाल चाचपत बसायची.

शिरूरला गेले तर अण्णांनी लई वेळ बघितलं. म्हणले, दाढेनं एवढं तोंड बदलतंय व्हय? मी मान खाली घातली. ते उठून गोठ्याकडं गेले. माझी मलाच लाज वाटली, पण खरं सांगते, त्यातबी अर्धं ध्यान गालावरच व्हतं.

माझी पोरगी ऋतुजा आठवीला हाय. तिचं तोंड अण्णांचं, म्हणजे माझंच जुनं तोंड, तीच हाडं. आणि बघा कसं असतंय, तिच्यावर ती मला कधी वाईट दिसलीच न्हाईत. एक दिवशी दुपारीच ड्युटी सुटली, घरी आले तर ही अभ्यासाला बसलेली अन् माझा पट्टा तोंडाला करकचून बांधलेला. गाल लाल झालेले. मला वाटलं दात दुखतोय, म्हणलं काय झालं गं. तर म्हणली, मम्मी, मला माहिती हाय, दाढेचं न्हवतं ते. मी तुझा मोबाईल बघितलाय. मंग म्हणली, मी आत्तापासूनच बांधलं तर हाड वाढणार न्हाई ना? म्हणजे मला कापावं लागणार न्हाई.

माझ्या खांद्याला ड्युटीची पिशवी तशीच व्हती. मी खाली बसले. पट्टा सोडायला हात पुढं केला, तर तिनंच सोडला. मी म्हणलं, तुला कुणी सांगितलं कापावं लागतंय? ती म्हणली, तू कापलंस की. माझी हाडं तर तुझ्यासारखीच हायत.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, ओठ उचलून टाक्यांची जागा दाखवली, गाल का उतरले ते सांगितलं, डॉक्टर आधीच बोलले व्हते अन् मी ऐकलं न्हाई तेबी सांगितलं. ती म्हणली, दुखलं का. म्हणलं, दुखलं. म्हणली, मंग आता दुसरं करणार का. मी तिच्या गालावरचे पट्ट्याचे वळ चोळायला लागले. तुझं तोंड लई चांगलं हाय गं, असं तेवढं म्हणलं. माझ्या तोंडून तिला ते खरं कसं वाटंल?

त्याला आता सहा महिने झाले. ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं, गाल बसायचे तेवढे बसले, बाकीचे लोंबतेत. हैदराबादहून फोन येतोय, तारीख घेता का म्हणून, मी पुढच्या महिन्यात म्हणते. खोटं कशाला बोलू, सुटलं न्हाई माझ्या मनातनं. पण पोरीसमोर आपण आरसा हातात धरायचा न्हाई एवढं ठरवलंय. ती कबड्डी खेळायलीय शाळेत, घामानं निथळत घरी येती, तोंडबी न धुता ताटावर बसती. मी वाढते अन् गप बघते. देवाला दुसरं काही मागत न्हाई, तिचे दिवसामागून दिवस असेच जावेत, आपल्याला तोंड हाय हेच तिच्या ध्यानात येऊ नये. मला असा एक दिवसबी मिळाला न्हाई बघा.