माझ्या गालातली पेशी

...आणि वर बाबा मलाच विचारतात, "एवढी चिडतेस कशाला गं?" चिडू नको तर काय करू? साधी पेशी दाखवायची होती हो, साधी पेशी!

तुम्हाला सांगते, त्या दिवशी दुपारी साडेबाराला शाळेत माझा चाचणीचा तास, वर्गाला शिकवून दाखवायचा. जमला तर नोकरी, नाहीतर बाबांच्या दुकानात जन्मभर काजं-बटणं! मला तर ती 'पाठ करा, लिहा, विसरा'वाली शाळा मुळापासून बदलायचीय! मुख्याध्यापिकाबाईंनी सूक्ष्मदर्शक हातात दिला, म्हणाल्या, "आधी घरी कोणालातरी शिकवून बघ." आता घरी कोण? बाबा! चाळीस वर्षं शिवणयंत्रावर वाकलेले आमचे बाबा!

सकाळी दुकानातच मांडला पसारा. गालाच्या आतून काडी फिरवली, काचेवर पुसली, रंग आणायला विसरलेच होते, तर मापाच्या वहीची निळी शाई टाकली. "बघा!" बाबांनी सवयीने, सुईत दोरा ओवताना मिटतात तसा, एक डोळा मिटला. "केस दिसतायत." अहो, त्या तुमच्याच पापण्या! मग... "अरेच्चा! हे ठिगळ कुणाचं?"

"ठिगळ नाही, पेशी. माझ्या गालातली. आपण अशाच पेशींचे बनलोय. भोवती पटल, मधे गडद ठिपका ते केंद्रक."

"म्हणजे अस्तर आणि मधे बटण. माप काय?"

"मिलिमीटरमध्ये वीसेक मावतील."

"छे! एवढ्यात शिवण कुठे घालायची?"

साधी पेशी हो! गिऱ्हाईक दारात, घड्याळात अकरा, आणि मी घाईघाईत पुढचं वाक्य फेकलं, "आत तंतुकणिका असतात, पेशीला लागणारी ताकद तिथे तयार होते, त्या फक्त आईकडून येतात, पुढे..."

"थांब. आईकडून? तुझ्या आईकडून?"

"हो."

"प्रत्येक पेशीत?"

"तांबड्या रक्तपेशी सोडून..."

"सोड गं त्या तांबड्या!"

आई जाऊन चार वर्षं झाली. तिच्या मापाचं पान बाबांनी वहीतून अजून काढलेलं नाही. ते पुन्हा वाकले. दोन मिनिटं... दहा मिनिटं... "बाबा, यातून तंतुकणिका दिसत नाहीत हो! फार बारीक असतात!"

"नसू देत दिसत. आहे ना ती तिथे?"

गिऱ्हाईक म्हणालं, "शर्ट?" बाबा तसेच वाकून म्हणाले, "उद्या या. आज घरचं माणूस आलंय."

बारा वाजले. मी सूक्ष्मदर्शकाकडे हात नेला... आणि मागे घेतला. गल्ल्याजवळचा शिंप्याचा खडू उचलला आणि पळाले. फळ्यावर पेशी काढली, अस्तर, बटण, सगळं बाबांच्याच भाषेत बडबडले. पोरं बाकांवर उभी राहिली! नोकरी लागली हो!

फक्त बाई रोज विचारतात, "सूक्ष्मदर्शक कधी परत आणतेस?" साधी पेशी हो, साधी पेशी... पण बाबांना तिथून उठवायला तुमच्यापैकी कोणी येतंय का? माझ्याच्याने नाही होत.