पहिलीची ओळ

नाही, नाही गुरुजी, बसत नाही, उभीच बरी — दोन ओळींचं तर काम. मामंजींनी वंशावळ नव्यानं उतरवायला सांगितलीय, सुनेचं अक्षर चांगलं, पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढलेली, म्हणून मी. सगळं झालंय. यांच्या पहिल्या कुटुंबाची, ती गेल्याची तिथी तेवढी राहिलीय. नलू. विंझरची. तुम्ही घरचे उपाध्ये, तुमच्या वहीत — अगबाई, कोण ते? मांजर होय! मला वाटलं, हेच आले. मी इथं आलेय हे नाही त्यांना ठाऊक.

श्रावण वद्य षष्ठी, शके अठराशे छप्पन. हं, लिहिलं. वय? — एकोणीसच? आमच्याकडे तर अशा बोलतात सगळ्याजणी, जसा काही साठ वर्षं संसार केला तिनं! होती काय हो एवढी? चारचौघींसारखीच ना? शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. हसा, हसा तुम्ही — पण परवा यांच्या ट्रंकेत तळाशी गिरवायची वही सापडली. वर यांचं अक्षर, खाली तिचं वाकडंतिकडं, पानभर नुसते ग, ग, ग — आणि कडेला यांनी लिहिलंय, 'आज ग रुसला नाही.' आमचे हे! माझ्याशी बोलतात ते पाहुण्यासारखे, 'पाणी मिळेल का?' माझ्याजवळ कशाला बसतील वही घेऊन? मला सगळं येतं ना. जळो ते येणं! अविधवानवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते ती मीच, आणि हे पानावर बसून विचारतात, 'अळूवडी केलीस ना? तिला आवडायची.'

जाऊ दे. पुढं 'अपत्य नाही' मी घरूनच लिहून आणलंय — पान कशाला उलटताय? — मुलगी? नलूला? मामंजी तर काही बोलले नाहीत... खरंच, मुली कुठं घालतात वंशावळीत! दीड महिन्याची होऊन गेली. म्हणजे आईमागोमागच. पण बारसं झालं होतं? काय ठेवलं होतं नाव?

लता.

नाही, काही होत नाही मला. चार वर्षं — तुम्हांला सांगायची गोष्ट नव्हे, पण चार वर्षं हे एवढंच एक लाडानं म्हणतात मला, 'आपल्याला मुलगी झाली की लता म्हणायचं.' मला वाटायचं, हे तरी माझं —

रीतीप्रमाणे मला ती लिहायचीच नाहीये. 'अपत्य नाही' बरोबरच आहे. बरोबर आहे ना? मग असे काय बघताय माझ्याकडे? — मिटा ती वही.